कोरडं वजन

चोपड्याहून पहाटे साडेपाचची जळगाव गाडी.
माझं तिकीट अर्धं, नानांचं पूर्ण.
"बाईमाणूस झालो असतो तर पैसे वाचले असते,"
नाना म्हणतात, सोमवारी आणि गुरुवारी, तेच,
आणि मी दोन्ही वेळा हसते.

गळ्याभोवती रुमाल.
खाली, मानेत, दोन नळ्या:
लाल टोपणाची एक, निळ्या टोपणाची एक.
मी म्हटलं, गल्लीला कळलं तर कळलं.
ते म्हणाले, कळू दे,
फक्त विचारायला नको कुणी.

पूल आला की ते खिडकी सरकवतात.
मे महिन्यातली तापी.
वाळूच जास्त, पाणी कडेकडेनं.
हिलाही मोजूनच देतात वाटतं,
असं काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं मला.
नाही म्हणाले.
ओठांवरून जीभ फिरवली, बस्स.

तीस वर्षं या माणसानं
यावलपर्यंतच्या मळ्यांत ठिबक बसवलं.
केळीच्या बुडाशी तासाला चार लिटर,
ना कमी ना जास्त.
नळीला कान लावून सांगायचे
कुठला ड्रिपर चोंदलाय.
आता डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं:
दिवसाला सातशे मिली.
चहा धरून. वरणाचं पाणी धरून.
गोळीबरोबरचा घोट धरून.
आणि केळं नाही. अर्धंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी मी दाराशीच थांबले होते.
नानांनी आधी नळ्या पाहिल्या,
कुठून निघतात, कुठे जातात,
मग तो पांढरा उभा फिल्टर.
हसीना तडवीला विचारलं,
बॅकवॉश कितीदा करता?
ती हसली. नाना माझ्याकडे वळले:
"हाई ते आपलं सँड फिल्टरच शे व.
रगतनं."
तेव्हा कुठे मला स्टुलावर बसता आलं.

हसीना म्हणाली, काका, तुमचं ड्राय वेट बावन्न.
मी समजावलं: कोरडं वजन.
जादाचं पाणी काढून टाकल्यावर
जेवढा माणूस उरतो तेवढं.
"म्हणजे मी आता कोरडवाहू,"
नाना म्हणाले,
आणि चार तास डोळे मिटून पडले.

शेजारच्या खाटेवर पारोळ्याचा पोरगा, बाविशीचा.
त्याच्या आईनं पॅसेजमध्ये मला
कळण्याची भाकरी दिली, ठेचा लावून.
उभ्यानंच खाल्ली.
ती सांगत होती, मीठ कमी कर,
तहान आपोआप कमी होते.
माठ नजरेआड ठेव.
आणि रडायचं असलं तर मंगळवारी रड,
मंगळवारी मशीन नसतं.
मी मंगळवारी विसरले.
बुधवारी आठवलं, तेव्हा कपडे वाळत घालायचे होते.

माठ मागच्या खोलीत नेला.
मी मोरीत जाऊन पाणी पिते,
नळ बारीक करून,
तांब्याला बांगडी लागू न देता.
काल बाहेरून आवाज आला:
"पी ना व मोठ्यानं.
माले ऐकू तरी येऊ दे."

तांब्या हातात तसाच.
मग प्याले. घटाघटा.
आयुष्यात इतकं जड पाणी प्याले नव्हते.

डाव्या मनगटावर नवे टाके आहेत.
तिथली शीर तयार व्हायला सहा आठवडे,
मग मानेतल्या नळ्या निघतील.
तोवर दिवसभर रबरी चेंडू दाबायचा
आणि रोज सकाळी बोट ठेवून बघायचं,
आत थरथर आहे ना.
थांबली तर लगेच फोन.

मी बोट ठेवते. स्वतःचा श्वास धरते.
कातडीखाली काहीतरी घुमत असतं,
रात्री दोनला लाईट आल्यावर
दूर कुणाच्या तरी मळ्यात
मोटर सुरू व्हावी तसं.

"शे का लाईट?" नाना विचारतात.
"शे."
"मंग च्या टाक," ते म्हणतात.
"अर्धा."