पातळी

सात नंबरच्या विहिरीत टेप सोडतो मी.
टोकाला पितळेचं बोंड. ते पाण्याला टेकलं
की वर चाकातून शिट्टी: पीप.
आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा,
टेप पुसून गुंडाळायची, पुढची विहीर.
एकोणीस वर्षं हेच.
पगार गाव देतं, कंपनी नाही.
आधीच सांगून टाकतो,
नंतर दोन्हीकडचे विचारतात.

आताकामाच्या या पठारावर पाऊस म्हणजे अफवा.
वर मीठ, मिठाखाली खारं पाणी,
त्या पाण्यात तो हलका धातू, तुमच्या बॅटरीचा.
पाणी उपसून उथळ हौदांत पसरतात
आणि उन्हाला सांगतात, पी.
ऊन पितं, वर्षभर, दीड वर्ष.
हौद निळा असतो, हिरवा होतो, मग पिवळा.
विमानातून फार सुंदर दिसतं म्हणे.
मी अजून पाहिलेलं नाही.

सिरिलो म्हणतो, खारं पाणी ते, कोण पिणार होतं?
मग तोच मला तळ्याकाठी नेतो
आणि दाखवतो, लहानपणी अग्निपंख
कुठवर उभे असायचे पाण्यात.
तिथे आम्ही त्याची मोटरसायकल लावली होती.

कंपनीचे साहेब एक आलेख दाखवतात,
विद्यापीठाची मुलगी दुसरा.
माझ्या वहीत सात नंबर: चार बोटं खाली.
साहेबांना ती कमी वाटतात, सिरिलोला फार.
मला ती चार बोटं वाटतात.

माझी यास्ना सांतियागोत बस चालवते.
विजेची, लाल, मांजरासारखी येणारी.
आधी सहा वर्षं डिझेलची होती,
घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालावर काजळ.
तिचा इलिआस थांब्यासमोरच्या खोलीत वाढला,
उशाशी दम्याचा फवारा घेऊन.
गेल्या हिवाळ्यात तीनदाच लागला, म्हणाली.
आणि त्याच्या आधी?
आधी मोजत नव्हते, बाबा.
मोजणारे तुम्ही.

मी तिला चार बोटांचं सांगितलं, फोनवर.
बराच वेळ गप्प राहिली.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
मग म्हणाली, म्हणजे मी काय करू?
धुराची बस परत मागू?
तसं नाही म्हणत मी.
मग कसं म्हणता?

खाल्ल्या मिठाला जागावं, हे मला कळतं.
कुठल्या मिठाला, एवढंच विचारतो.

जूनमध्ये गेलो तिच्याकडे.
तिच्या मागच्याच सीटवर बसलो, तिकीट काढून.
रस्त्यात एक गाडी आडवी आली, नवी कोरी, विजेचीच,
आत एक माणूस, आणि बाजूच्या सीटवर
त्याचं जाकीट, पट्टा लावल्यासारखं नीट.
आत्ताच हात धुऊन आल्यासारखा चेहरा त्याचा.
आणि इथे पाऊणशे माणसं एका बॅटरीवर,
एकमेकांच्या कोपरांना टेकलेली.
एक बाई केकचा खोका डोक्याच्या वर धरून उभी,
एक म्हातारा उभ्या उभ्या झोपलेला.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?
एका जाकिटासाठी माझं तळं आटावं
हे मला पटत नाही.
केकवाल्या बाईसाठी?
दोन बोटं, म्हटलं मनात.
मग लाज वाटली. तळं काय माझ्या एकट्याचं,
की मी बोटं वाटत सुटावं.

यास्नाने आरशातून पाहिलं.
कसं वाटतंय?
आवाजच नाही, मी म्हणालो.
ती हसली. तिला ती स्तुती वाटली.
होतीही.
एवढंच की विहिरीही आवाज न करताच उतरतात.

खिडकी उघडली, श्वास घेतला.
थंड, स्वच्छ. खोटं का बोलू.

थांबा आला. केकवाली बाई उतरली.
दार मिटताना वर कुठेतरी वाजलं: पीप.
माझा हात आपसूक खिशातल्या वहीकडे गेला
आणि मी वाकून खाली पाहिलं,
पायाशी,
किती खोल.