पान एकशे बारा

डिग्बीच्या वाचनालयात ऑक्टोबर संपत आलेला.
काउंटरवरचा कोरलेला भोपळा
एका गालानं मऊ पडलाय.

"भूत नको," ऑर्ला म्हणते, "प्रेत चालेल.
आणि मांजर असेल तर
ते शेवटपर्यंत जगायला हवं."

थडगी, धुकं, दिवा लागलेली एकच खिडकी:
मुखपृष्ठं सगळी एका माळेतली.
ती उचलते, ठेवते, परत उचलते.

मग एकात, एकशे बाराव्या पानाच्या समासात,
पेन्सिलीनं: माळीच. लाव पैज.
डावीकडे कललेलं अक्षर.
एनिसला जाऊन चौदा महिने झाले.

रात्री दारातला दिवा मालवलेला,
मुखवटे घातलेली पोरं शेजारी वळतात.

दीड वाजता कळतं,
माळी नव्हताच.
"हरलास," ती मोठ्यानं म्हणते

आणि वरच्या खोलीत दिवा लावून येते.
अख्ख्या रस्त्यावर
तेवढाच.