किरकोळ

रात्री अकरानंतर दर उतरायचा,
म्हणून साडेदहालाच नाना मला पिटाळत
दांडिया बाजारात, ठाकोरभाईंच्या बूथवर,
रांगेत आमची जागा धरायला.
मी बाकावर बसून भूगोल शिकलो:
इथे अकरा, तेव्हा विनिपेगला दुपारचे साडेअकरा,
आणि वैजूताई डबा उघडायच्या बेतात.

तेहतीस वर्षं नानांनी बँकेत
दुसऱ्यांच्या पैशांचा ताळमेळ घातला.
निवृत्तीनंतर वहीत एकच खातं.
तारीख, दर, मिनिटं, विषय.
विषय घरूनच ठरवून न्यायचे,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर:
एक, तब्येत. दोन, जावयांची नोकरी.
तीन, वेळ उरल्यास, आत्याचा मोतीबिंदू.

काचेचं दार लावलं की आतला पंखा बंद पडायचा.
लाल आकडे पळायचे.
मिनिटाला एकसष्ट रुपये वीस पैसे.
अठ्ठावन्नाव्या सेकंदाला नाना
आईच्या हातून रिसीव्हर काढून घेत,
"ठेवतो गं."
ताईचं वाक्य तिकडेच कुठेतरी लोंबकळत राही.
ठाकोरभाई कागद फाडून देत,
"काका, छुट्टा आपजो."

स्वस्तातल्या वाटा सगळ्या शोधून झाल्या.
दोनदा वाजवून कापायचं, म्हणजे सारं ठीक.
तीनदा, म्हणजे पत्र पोचलं.
एकदा जावयांनी दुसऱ्याच रिंगला उचलला, "हॅलो" म्हणाले.
त्या एका हॅलोचे एकसष्ट वीस
नानांनी त्यांना दिवाळीपर्यंत माफ केले नाहीत.

मग ताई तिकडून कार्ड खरवडून फोन करू लागली.
मग अलकापुरीत कॉम्प्युटर आले, तासाला तीस रुपये,
पण आवाज विहिरीत दगड टाकावा तसा, उशिरा.
आपण मोतीबिंदूवर पोचलेलो,
आणि "बरी आहे" आत्ता वर येतंय.
वहीत शेरा: स्वस्त, परंतु माणूस मागे राहते.

एक रात्र मात्र आहे.
आईच्या हातात यादी होती, आणि तिने विचारलं,
"तिथे आत्ता ऊन आहे का गं?"
हे यादीत नव्हतं.
पलीकडे कुणी बोललं नाही.
लाल आकडे पळत राहिले, साठ, एकशेवीस,
नानांचा हात रिसीव्हरकडे गेला
आणि मध्येच थांबला.
सुरसागरच्या कठड्याने आम्ही घरी आलो,
तिघे, एकामागे एक.
वहीत त्या दिवशी विषयाच्या रकान्यात
त्यांनी लिहिलं: किरकोळ. १२२.४०

आता आई नाही. फोन फुकट आहे.
ताई रोज दिसते, केस पांढरे, चष्मा कपाळावर.
शहाऐंशीचे नाना तिच्याकडे कमी,
मनगटाकडे जास्त बघतात,
आणि अठ्ठावन्नला, "ठेवतो गं."
ती लगेच पुन्हा लावते.
पाच-सहा तुकड्यांत त्यांचं बोलणं होतं.
मी समजवायचं सोडलंय.

काल चौथ्या तुकड्यात ते अडखळले.
तब्येत झाली होती, नोकरी तर कधीच सुटली,
आत्या गेल्याला अकरा वर्षं.
म्हणाले, "तिथे आत्ता ऊन आहे का?"
ताईने फोन खिडकीकडे वळवला.
पांढरं काहीतरी होतं,
ऊन म्हणावं की बर्फ, मला कळेना.
अठ्ठावन्न. एकोणसाठ.
घड्याळ मीच बघत होतो.
बऱ्याच वेळाने ते म्हणाले,
"वही आण रे."