वर जायचे वीस तेत्री

आमच्या इमारतीतली लिफ्ट
वर जायचे पैसे घेते.
उतरणं फुकट.
हे पाहुण्यांना आधी कुणी सांगत नाही.
बॅगा घेऊन ते आत उभे राहतात,
नऊ दाबतात, पुन्हा नऊ दाबतात,
मग दार ढकलून माझ्या खिडकीकडे बघतात.

खिडकीत मी. त्सिआला. तळमजला, उजवीकडे.
एकतीस वर्षं तिबिलिसीच्या पोरांना भूमिती शिकवली,
आता कॉफीच्या डब्यात चिल्लर ठेवते.
पाच लारींची नोट द्या, पंचवीस नाणी घ्या.
मी चुकत नाही, तरी मोजून घ्या.

आणि थांबलाच आहात तर ऐका:
सिमकार्ड स्टेशनात नको, कोपऱ्यावरच्या दुकानात,
पासपोर्ट न्या.
पैसे बदलताना पाटीवरचा मोठा आकडा वाचू नका,
त्याच्याखालचा बारीक वाचा.
पाणी नळाचंच प्या,
बाटलीतलं कुठून येतं देव जाणे.
कानात प्लास्टिकचा बिल्ला असलेल्या कुत्र्याला
टोचून झालेलं असतं.
तो पुलापर्यंत सोबत येईल. येऊ द्या.
पाव सकाळी सातला, समोरच्या तळघरात;
वाखो भट्टीत कमरेपर्यंत वाकलेला असतो,
तेव्हा त्याला हाक मारू नका.
पोट बिघडलं तर हिरव्या क्रॉसखाली एतेरी बसते,
तिला भाषा लागत नाही,
दुखतं तिथे हात ठेवा.
दोरीवर कपडे घालाल तर चिमटे दोन-दोन.
एका डॅनिश माणसाची पँट महिनाभर
आमच्या अक्रोडावर होती.

निम्मं ऐकतात, निम्मं लिफ्टमध्ये विसरतात.

शरदात एक जण आला, इझमिरचा, नेजदेत.
छत्र्या दुरुस्त करायचा म्हणाला.
रोज सकाळी दोन नाणी मागून घ्यायचा.
मला वाटलं, दिवसातून दोनदा वर जात असेल.
तो गेल्यावर आठवड्याने
जिना पुसणाऱ्या गुलनारानं सांगितलं:
एक स्वतःसाठी टाकायचा,
एक पेटीच्या वर ठेवून जायचा,
मागून येणाऱ्यासाठी.

त्या दिवशी मी लिफ्टमध्ये डोकावले.
पेटीवर एक नाणं होतं.
कुणी ठेवलेलं, विचारू नका,
नेजदेत तर केव्हाच गेलेला.

चार वर्षं मी वर गेले नव्हते.
पैशांची अडचण नव्हती, डबा भरलेला असायचा.
नवव्यावर वेनेरा राहायची,
तिथूनच ती आणखी वर गेली.
तिकडे नाणं लागतं का, तिनं कळवलं नाही.

नाणं टाकलं. लिफ्ट कण्हली, निघाली.

वेनेराच्या दाराला आता आकड्यांचं कुलूप आहे.
भूमितीच्या बाईला चार आकडे आठवेनात;
आठवणार कसे, मला कधी ठाऊकच नव्हते.
उभी राहिले. दाराला कान लावला असेन बहुतेक,
कारण दार उघडलं आणि मी तिरकी आत झुकले.

ओल्या केसांची मुलगी होती, परवाच आलेली.
तिनं ओळखलं नाही.
खिडकीत मी फक्त खांद्यांपासून वर असते.
तिला वाटलं, म्हातारी चुकलीय.
खुर्ची ओढली, हळू बोलली, मोठ्यानं बोलली,
जशी मी त्यांच्याशी बोलते तशी.
नळ सोडला, ग्लास भरला,
बोटानं नळ दाखवला, मान हलवली:
चालतं हे, प्यायला चालतं.

प्यायले.
वेनेराच्या पाण्याला गंजाची चव असायची.
नळ बदललाय.

उतरताना पैसे पडले नाहीत.
खाली दोघं उभे, चार बॅगा, चेहरे उन्हानं लाल,
सात दाबायच्या तयारीत.
थांबा, म्हटलं,
नोट काढा, मी डबा आणते.