रात्रपाळी

सातवा लागला तशी भुसावळला आले.
दार नानांनी उघडलं, हाताला बेसन.
आईचा चष्मा अजून फ्रीजवरच,
घडी न घातलेला,
जणू ती आतून येऊन दळणाची चिठ्ठी वाचणार आहे.

शेजारच्या कोकिळामावशी म्हणाल्या,
"नुसत्या बापाच्या घरी कुठे बाळंतपण असतं, व माय?"
नानांनी ऐकलं नाही असं केलं
आणि त्यांच्याचकडून लिहून घेतलं
रेल्वेच्या जुन्या डायरीत:
हाळीव किती, डिंक किती,
खारीक कुटायची की दळायची.

मे महिन्यात मुलगी झाली.
बाहेर शेहेचाळीस, खाटेखाली शेगडी.
कूलर बंद, कानाला फडकं.
बघायला आलेल्या बायका बाळाचं नाक बघायच्या, रंग बघायच्या,
मला विचारायच्या, दूध येतं का,
गोठ्यात विचारावं तसं.
सुरतेहून व्हिडिओ कॉल यायचा:
"तिला दाखव ना. अजून जवळ."
मी फोन धरून उभी,
चौकटीबाहेर.

अकराव्या रात्री, तीनच्या सुमाराला,
ती रडत होती आणि मीही.
तिचं कळत होतं, भूक.
माझं काहून, ते नाही.
नाना दारात आले.
चौतीस वर्षं केबिनमध्ये रात्रपाळी केलेला माणूस,
रिटायर झाला तरी दोनला उठतोच.
चहा ठेवला. खुर्ची ओढली, आत नाही, उंबऱ्याशी.
म्हणाले, "चार्ज दे."
"कसला?"

"आमच्यात असं असतं, वैजू.
पाळी संपली की पुढच्याला सांगायचं
काय बिघडलंय.
चांगलं चाललंय ते कोणी सांगत नाही.
कोणतं लिव्हर जड जातंय,
कोणत्या गाडीला लाल देऊन ठेवलाय.
लपवलं तर पुढचा फसतो.
दे."

त्या रात्री मी काहीच दिलं नाही.
दुसऱ्या रात्री: टाके दुखतात.
चौथ्या रात्री: ही माझी वाटत नाही.
सहाव्या रात्री म्हटलं,
वाटतं हिला इथेच ठेवावं, चपला घालाव्या
आणि तापीच्या पुलाकडे चालत सुटावं.

नाना दचकले नाहीत.
कप ठेवताना बशी वाजली, तेवढंच.
"घेतला," म्हणाले,
आणि उजाडेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.
सकाळच्या शटलने मला जळगावला नेलं.
डॉक्टरीणबाईंच्या बाकावर चार बाया
आणि खिडकीशी हा एक म्हातारा,
ओला लंगोट उन्हात धरून.

कोकिळामावशींना सांगितलं, "बँकेत काम होतं."
त्यांना फाईल दिसली असावी.
दुसऱ्या दिवशी चारला आल्या, भाकरी झाकून,
पाळण्याकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं.
"मी धाकट्याच्या वेळी," एवढंच म्हणाल्या,
आणि माझे केस विंचरायला घेतले.

गोळ्या होत्या. पंधरा दिवसांनी परत या, होतं.
लगेच काही झालं नाही.
एके दिवशी ती शिंकली आणि मला हसू आलं,
दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही.

जूनमधल्या एका रात्री मी विचारलं,
"नाना, आईने चार्ज कोणाला दिला होता?"
बाहेरून मालगाडी जात होती,
त्यांनी सगळे डबे मोजले.
मग म्हणाले, "तू झाली तेव्हा मी ड्यूटीवर.
आठवड्याने घरी आणली तुम्हाला.
सकाळी पाळी करून आलो, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.
मी विचारलं, चहा आहे का."

परवा सुरतेला निघताना बॅगेत डायरी सापडली.
त्यांनीच घातलेली, डिंकाच्या लाडवांखाली.
खारीक, हाळीव यांच्या मागच्या पानावर:

३.१० रडली. कारण विचारलं नाही.
३.४० बाळ झोपलं.
४.२५ वैजू झोपली. घोरते, आईसारखी.
दूध शनिवारी आलं नाही, पैसे कापणे.