हाडाची सुई

आमच्या फेरोच्या बेटांवर झाडं नाहीत,
म्हणून पोपटही नाहीत,
नाहीतर हेर्गैरनं पोपटातच ठेवला असता प्राण.
पण पोपट बोलतो, असं तो म्हणाला,
अंडं फुटतं, आणि तळ्यातला मासा
शेवटी कुणीतरी खातंच.
हाडाला तोंड नसतं.

व्हेलच्या बरगडीची ती विणायची सुई,
वीतभर, पिवळट, टोकाशी किंचित वाकडी.
मांस वाळवायच्या खोपटात
दोन फळ्यांच्या फटीत त्यानं ती खोचली
आणि तीनशे वर्षं
मरणाकडे पाठ करून हिंडला.

खोपट पडलं. फळ्या बापानं होडीला लावल्या.
सुई मला मिळाली.
वाटलं, असेल कुणा मेलेल्या बाईची.

पहिला स्वेटर डान्यालचा.
त्या वर्षी टोकाच्या खडकाशी होडी उलटली.
पाच जण गेले.
डान्याल चालत घरी आला, निथळत,
पाईप बुडाला म्हणून शिव्या देत.
मग बायका लोकर घेऊन येऊ लागल्या,
माझ्याकडे न बघता, माझ्या हातांकडे बघत.
अकरा स्वेटर विणले मी.
सुई झिजत होती. हाडच ते, झिजायचंच.

एका संध्याकाळी दारात तो.
चेहरा तिशीतला,
पण तळहात दिव्यापुढे धरला तर
पलीकडची ज्योत दिसावी असा.
"माझी वस्तू," म्हणाला.
दिली.
माशाच्या काट्याएवढी उरलेली.
"बाकीचा मी कुठंय?"

मी खिडकीतून धक्का दाखवला.
अकरा माणसं कॉड उतरवत होती,
एकमेकांवर खेकसत, खांद्याला खांदा घासत.
जीव गुंतणं म्हणतात ते हेच, मी म्हटलं.
हवं तर उसव.

तो हसला नाही. बराच वेळ मोजत बसला.
एकदा मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून.
मग माझ्या मांडीवरच्या
लहान स्वेटरकडे बोट केलं:
"याला एकच बाही?"
धाकट्या हाइनीचा आहे, म्हटलं.
पुढच्या मोसमात तोही जाणार समुद्रावर.

सुई त्यानं माझ्या हातात परत ठेवली.
"पुरवून वापर."

रात्रभर तो बाकावर बसून होता,
मी विणत होते.
मनगटाशी शेवटचा टाका घातला
आणि सुई मोडली. आवाजसुद्धा नाही झाला.
पहाटे पाद्रीनं वय विचारलं.
लिहा तीस, म्हटलं,
आणि खाडाखोड नको.

आता कसर लागते त्या स्वेटरना.
मी लोखंडी सुईनं रफू करते.
डान्याल म्हणतो, मानेशी टोचतं,
कुणीतरी हाक मारल्यासारखं.
खेकसते मी, लोकर आहे, टोचणारच.

ऊन पडलं की सगळे दोरीवर घालते,
बारा, हात पसरलेले.
वारा भरला की फुगतात.
तेव्हा आत कुणी नाही
असं मी तरी म्हणणार नाही.