दोन बाह्यांची पिशवी

एकतिसाव्या फोटोवर कॅमेरा अडला.
रशियन धूड, माझ्याहून चार वर्षांनी मोठं,
मिरजेतल्या बंद झालेल्या स्टुडिओनं
काचेच्या कपाटासकट विकायला काढलेलं.
कपाट दुसऱ्या कुणी नेलं. कॅमेरा मी.
आतला उजेडाचा काटा केव्हाच गेलेला,
म्हणून गणपती पेठेत निघाले ती मीटर घ्यायला.
खरं सांगायचं तर फ्लॅशही मनात होता,
आणि ती पिवळी काच,
जिच्यानं आभाळ काळवंडतं, ढग उठून दिसतात.
पगार झालेला. यादी पर्समध्ये.

भूपाल मगदुमांच्या दुकानात आता
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आठ प्रती.
यादी त्यांनी चष्मा कपाळावर सारून वाचली.
"मीटर कशाला? उन्हात उभ्या ऱ्हावा,
आपल्या सावलीची कड बघा.
धारदार असली तर सोळा, मऊ पडली की अकरा,
पुसट झाली की आठ.
फुकटचा मीटर हाय की पायाशी."
फ्लॅश?
"लग्नाच्या ऑर्डरी घेणार हाय का?"
पिवळी काच?
"सांगलीत ऱ्हाऊन पिवळी काच इकत!
हळदीच्या यार्डात एक चक्कर मारा,
लेन्सवर आपसूक बसंल."

मग त्यांनी कॅमेरा कानाशी नेऊन हलवला,
कलिंगड बघावं तसा.
"फिल्म आत हाय?"
आहे. अडकलीय.
"काय हाय तिच्यात?"
रत्नाक्का. माझी आत्या. वय बासष्ट.
महिनाभर कृष्णेत पोहायला शिकतेय,
पाठीला डबा बांधून, पोरासोरांच्यात.
तीस फोटोंत डबा आहे.
एकतिसाव्यात नाही.

ते काही बोलले नाहीत.
खणाच्या तळातून एक काळं कापड ओढलं,
दुपदरी, चेनचं,
मुंडकंच न शिवलेला सदरा,
बाह्या तेवढ्या दोन.
कॅमेरा आत, रिकामी डबी आत, चेन बंद,
हातातलं रेडियमचं घड्याळ काढून माझ्याकडे,
आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत.
डोळे वर, पंख्याकडे.

"वडील हळदीचे दलाल," ते पंख्यालाच सांगत होते.
"सौदा रुमालाखाली. बोट धरलं की शेकडा,
पेरं दाबलं की पुढचं.
मी इचारायचो, तोंडानं का नाही बोलत?
म्हणायचे, तोंड ऐकू जातं."
पिशवी जरा हलली, पोटातल्या पोरासारखी.
काहीतरी कट्कन झालं.
"भोकं फाटलीत दोन-तीन. फोटो शाबूत."
कसं कळलं, मी विचारलं नाही.

किंमत तीनशे. घासाघीस मी केली नाही,
त्यांनीच वीस कमी केले.
"घेताना एवढंच बघायचं.
डोकं आत घाला, खिडकीकडं तोंड करा,
दहा मिनिटं थांबा.
टाचणीएवढा उजेड दिसला तर घ्यायची नाही."
आणि मी भर बाजारात, पर्स काखेत धरून,
डोकं पिशवीत घालून उभी राहिले.
बाहेर रिक्षा, कुणीतरी चिल्लर मागतंय,
एक पोरगं हसतंय.
आत काही नाही. मग आणखी काही नाही.
असा गच्च अंधार
कित्येक वर्षांत मला कुणी दाखवला नव्हता.

यादी तशीच राहिली.
आता रात्री सरावाला बसते, एका वाया गेलेल्या रोलवर.
रत्नाक्का ओल्या केसांनी बघत असते:
"मांजर कोंडलंस काय गं त्यात?"
डास नेमका नाकावर येऊन बसतो
आणि हात तर दोन्ही आत.
ती हसत हसत पदरानं हाकलते.

आत, टोक शोधता शोधता
माझा उजवा हात डाव्याला लागतो,
एखादं पेरं दाबतो.
डावा थांबतो जरा.
मग दुसरं पेरं पुढे करतो.